वहीतली ७२ खोटी होती : आमच्या अभ्यास मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
शारीरिक शिक्षण आणि आरोग्य विषयाचं अभ्यास मंडळ,
आमचं विद्यापीठ

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तुम्ही बनवलेल्या हेल्थ अँड वेलनेस या पेपरात मला ५० पैकी ४४ मार्क पडलेत आणि ते मला खुपतायत. कमी पडले म्हणून नाही हो, जास्त पडले म्हणून.

मी एसवायबीएला आहे. सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा माण-खटावचा दुष्काळी पट्टा आहे ना, तिथली. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण कॉलेजवर राग नाहीये, आमचे जिमखान्याचे सर एकटेच सगळ्या वर्गांना कसे पुरे पडतात हेच मला कोडं आहे. माझं भांडण सरांशी नाही, तुमच्या जर्नलच्या पान ४ शी आहे.

पान ४ वर एक तक्ता आहे, विश्रांतीच्या वेळची नाडी. सात दिवस सकाळी उठल्या उठल्या मोजायची आणि मिनिटाला किती ठोके ते लिहायचं. आता जर्नल सबमिट करायचं सोमवारी आणि आम्ही लिहायला बसलो रविवारी रात्री, होस्टेलवर, सिनियरची वही मधोमध ठेवून भोवती पाच जणी. तिने ७२, ७४, ७२, ७१, ७२ असं काहीतरी लिहिलेलं, आम्हीही तेच उतरवलं, मग कोणीतरी म्हणालं अगं सगळ्यांचं सेम नको दिसायला तर मी गुरुवारची ७३ केली. सकाळी गठ्ठा लावताना सहज चाळून बघितलं तर होस्टेल काय, गावाकडून एसटीने येणारी पोरं काय, सगळ्यांची नाडी ७२ च्या आसपास. नव्वद जणांचा वर्ग आणि हृदय एकच. सरांनी प्रत्येकावर लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि विषय संपला.

माझा मात्र तिथून सुरू झाला.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तर चुलत बहीण पोलीस भरतीची तयारी करत होती. पोरींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, मैदानी ५० मार्कांची. ती म्हणाली चल की तू पण, होस्टेलवर बसून नुसती जाड होशील. जाड मी कधीच नव्हते, पण गेले. आमच्या गावात एक रिटायर फौजी आहेत, सगळी पोरं त्यांना आबा म्हणतात, ते पहाटे डांबरीवर चुन्याच्या खुणा मारून पळवतात. पहिल्या दिवशी मी ८०० मीटरला पाच मिनिटं दहा सेकंद घेतली आणि शेवटी चालतच आले, कानात नुसता घुं घुं आवाज. चौथ्या-पाचव्या दिवशीही तेच. मला वाटलं सवय नाही, होईल. आबांना काय वाटलं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मला पळायच्या आधीच पारावर बसवलं, दहा मिनिटं काही बोलायचं नाही म्हणाले, आणि मग मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिले. पूर्ण एक मिनिट. मग परत एकदा.

"पोरी, बसल्या जागी १०४? तुझं इंजिन न्यूट्रलला पण रेस व्हायलंय गं. पळू नकोस, आधी दवाखान्यात जा."

मी काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, "आबा, माझी ७२ असते, जर्नलमध्ये आहे."

ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढला, डॉक्टर मॅडमनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि लगेच विचारलं, "माती, खडू, कच्चे तांदूळ, असलं काही खातेस का?" आणि सर, मॅडम, मला एवढी लाज वाटली की सांगता सोय नाही, कारण मी पाटीवरची पेन्सिल खायचे. तेव्हाही. आमच्याकडे शाळेपासून निम्म्या पोरी खातात, दुकानात बॉक्सने मिळते, कुणी विचारलं तर छोट्या भावाला पाहिजे म्हणून सांगायचं. होस्टेलवर तर आम्ही चौघी वाटून खायचो, भाजलेली जास्त चांगली लागते वगैरे चर्चा करून. आई मला त्यावरून मारायची, आजी म्हणायची पोटात जंत झालेत, शाळेत बाई म्हणायच्या घाणेरडी सवय. डॉक्टर मॅडमनी सांगितलं की अंगातलं लोह कमी झालं की अशी इच्छा होणं हे लक्षणच असतं, खोड नव्हे. एवढी वर्षं मी ज्यासाठी धपाटे खाल्ले ते माझं शरीर ओरडून सांगत होतं आणि एकालाही ती भाषा येत नव्हती, मला पण नाही, आणि ४४ मार्कवाली मी!

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाचं किमान १२ पाहिजे.

मॅडमना वेळ नव्हता पण तरी त्यांनी एका वाक्यात समजावलं, ते तुमच्या सगळ्या युनिटपेक्षा भारी होतं. म्हणाल्या, तुमच्याकडे टँकर येतो ना, घागर लहान असली की खेपा जास्त माराव्या लागतात, तसं आहे, रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी, म्हणून हृदय बिचारं जास्त खेपा मारतंय. मला १०४ चा अर्थ तिथे कळला. आणि हे पण कळलं की मी जर त्या सात सकाळी खरोखर मनगटावर दोन बोटं ठेवली असती, फक्त एक मिनिट, तर ऑगस्टमध्येच कळलं असतं.

आता तुम्ही म्हणाल पोरीने स्वतः चोरी केली आणि दोष आम्हाला देते. बरोबर आहे, चोरी माझीच. पण जरा ऐका. त्या तक्त्याच्या वर छापलंय, सामान्य नाडी ७२. फक्त ७२, पुढे मागे काही नाही. खरं तर बसल्या जागी मोठ्या माणसाची नाडी ६० ते १०० मध्ये काहीही चालते, नियमित पळणाऱ्याची साठच्या खालीही असते, पण तुम्ही एक आकडा छापलात की पोरं तो बरोबर उत्तर म्हणूनच धरतात हो, आम्हाला बारा वर्षं तेच शिकवलंय, वरती दिलेलं खाली लिहायचं. एखादीने इमानदारीत १०४ लिहिली असती तर मैत्रिणींनीच तिला वेड्यात काढलं असतं की चुकलंय तुझं, खोड आणि नीट लिही.

तसंच बीएमआयचं, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. माझी उंची १५५ सेंटिमीटर, वजन ४६, म्हणजे बीएमआय १९ च्या थोडा वर, म्हणजे नॉर्मल, म्हणजे हेल्दी. हिमोग्लोबिन ८.४ आणि जर्नलमध्ये मी हेल्दी! हे सूत्र काढणारा केटले हा बेल्जियमचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होता, १८३० च्या दशकातला, त्याला माणसांची सरासरी काढायची होती, एकेकट्याची तब्येत तपासायची नव्हती, आणि बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये पडलं. ते सूत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही, वजन आणि उंचीशिवाय त्याला काही दिसत नाही एवढंच म्हणणं आहे. वर तुमच्या तक्त्यात जास्त वजनाची सुरुवात २५ पासून छापलीय, भारतीय लोकांसाठी ती २३ पासून धरतात आणि लठ्ठपणा २५ पासून, कारण आपल्यात चरबी पोटावर साठते आणि शुगरची भानगड कमी वजनातच सुरू होते. आमच्या वर्गातला एक जण आहे, बीएमआय २४, तक्त्यात नॉर्मल, आणि शर्टाचं पोटावरचं बटण लागत नाही. त्याची कंबर मी सुट्टीनंतर आईच्या शिवणाच्या टेपने मोजली (सगळ्यांसमोर, त्यानेच पैज लावलेली), ९६ सेंटिमीटर भरली. पुरुषांना ९०, बायकांना ८० याच्या वर गेली की सावध व्हायचं असतं. टेप वीस रुपयांची येते, तुमच्या साहित्याच्या यादीत ती नाहीये, ट्रेडमिल आहे. आमच्या कॉलेजमध्ये एक ट्रेडमिल आहे पण, खोटं कशाला बोला, ती कॉलेजला दर्जा देणारी नॅक कमिटी आली तेव्हा आली आणि तेव्हापासून तिच्यावर बॅनर ठेवतात.

निळ्या गोळ्यांबद्दल पण लिहायलाच पाहिजे, कारण हा माझा दुसरा गुन्हा. आठवीपासून शाळेत दर सोमवारी लोहाची निळी गोळी मिळायची, आठवड्याला एक, शिवाय वर्षातून दोनदा जंताची. सरकारची योजना आहे ती, दहा ते एकोणीस वयाच्या पोरापोरींसाठी. बाई हातावर ठेवायच्या, आम्ही तोंडात टाकल्यासारखं करायचो आणि मागच्या खिडकीतून बाहेर. पावसाळ्यात त्या खिडकीखालचं डबकं निळसर दिसायचं, शप्पथ. का फेकायचो? एक तर सकाळी उपाशीपोटी घेतली की मळमळायचं, दुसरं म्हणजे कुणीतरी पसरवलेलं की ही गोळी घेतली की पुढे मूल होत नाही, आणि तिसरं आणि सगळ्यात खरं, ती कशासाठी आहे हे आम्हाला एकदाही कुणी बसवून सांगितलं नाही. आता मी लोहाचीच गोळी, पण लाल रंगाची आणि रोज, स्वतःच्या पायाने जाऊन आणते. जेवण झाल्यावर घेते, लिंबू पिळलेलं काहीतरी सोबत, आणि पुढे-मागे तासभर चहा नाही, कारण चहा लोह अंगात नीट लागू देत नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. आमच्याकडे सकाळ चहा-चपातीने सुरू होते, चपाती चहात बुडवून, आणि मला वाटायचं पोटभर नाश्ता झाला. गोळीने संडास काळी होते, घाबरून मी परत दवाखान्यात गेलेले, सिस्टर हसल्या, असंच होतं म्हणाल्या. हे पण कुठेतरी छापा ना, त्यात लाजण्यासारखं काय आहे, पोरी याच भीतीने गोळ्या सोडतात.

तुमचा आहाराचा धडा मी परत काढून वाचला. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल, बेरीज. आमच्या गुरुवारच्या बाजारात ब्रोकोली विचारली तर मावशी म्हणतील कोबी हिरवा पडलाय का. इकडे बाजरी पिकते, तिच्यात गव्हा-ज्वारीपेक्षा लोह जास्त, हुलगे आहेत, मटकी आहे, तीळ, शेवग्याचा पाला तर बांधावर फुकट, आणि आजीची लोखंडी कढई माळ्यावर टाकून आम्ही नॉनस्टिक घेतली ती वेगळीच शहाणपणाची गोष्ट. मॅडम म्हणाल्या मटकीला मोड आणून लिंबू पिळून खा, मोड आले की त्यातलं लोह जास्त अंगी लागतं. मोडाची उसळ ही काही नवीन गोष्ट आहे का आपल्याकडे? पण आमच्या परीक्षेला ब्रोकोलीचे फायदे पाच मार्कांना आलेले, मी लिहिले, साडेचार मिळाले. मी ब्रोकोली अजून बघितलेली नाही.

आणि त्या धड्यात हे पण नाही की घरात पोरी कधी जेवतात. भाजी बरी झाली असेल तर आमच्यापर्यंत येईपर्यंत पातेल्याच्या बुडाला काय असेल ते. उपवास वेगळे, सोमवार, संकष्टी, नवरात्रात नऊ दिवस, आणि उपवासाला साबुदाणा, म्हणजे नुसता स्टार्च. आईचं हिमोग्लोबिन किती आहे विचारलं तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय, मी तर दिवसभर रानात असते." तिला पण नेणार आहे.

पाळीबद्दल तर तुमच्या अख्ख्या पेपरात एक ओळ नाही. मी दोनदा बघितलं. व्यायामाचे फायदे शारीरिक, मानसिक, सामाजिक, भावनिक, नैतिक असे पाच पानं आहेत (नैतिक फायदा काय ते मला अजून समजलं नाही), पण मॅडमनी मला विचारलेला दुसराच प्रश्न होता, किती दिवस जातं आणि दिवसाला किती पॅड. मी म्हणाले सात-आठ दिवस, पाच-सहा. त्या म्हणाल्या हे जास्त आहे, रक्त इथूनच जातंय. मला वाटायचं सगळ्यांचं तेवढंच असतं. कुणाला विचारणार? सर शिकवतात म्हणून तो विषय घेत नसतील तर एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरना बोलवा, चहाचा खर्च आम्ही करू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली, २०१९ ते २१ ची, त्यात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ५७ टक्के जणींना रक्तक्षय निघाला, महाराष्ट्रात ५४. म्हणजे आमच्या वर्गात पोरींच्या बाजूची निम्म्याहून जास्त बाकं. आणि वहीत सगळ्यांची ७२.

आता तासांचा हिशोब करू, यासाठीच खरं पत्र लिहायला घेतलेलं, भरकटले. २ क्रेडिटचा पेपर. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणून ३० तास. सेमिस्टरचे १५ आठवडे धरले तर आठवड्याला २ तास, म्हणजे १२० मिनिटं. आणि त्याच पेपरच्या युनिट एकमध्ये काय लिहिलंय, जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. म्हणजे आम्ही १५० मिनिटं हलावं हे शिकण्यासाठी १२० मिनिटं बाकावर बसलो! तेवढा वेळ नुसतं भरभर चालायला सोडलं असतं तरी चार पंचमांश काम झालं असतं. याला प्रॅक्टिकल करा ना. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट ३० तासांचं असतं, म्हणजे ६० तास मिळतील आणि ते मैदानावरचे. १५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जयंतीला राज्य क्रीडा दिन असतो, ज्या माणसाने १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ आणलं त्यांचा दिवस, आणि आमच्याकडे त्या दिवशी काय झालं तर निबंध स्पर्धा. खेळाचे महत्त्व. हॉलमध्ये बसून. मला उत्तेजनार्थ मिळालं, ते पण लिहून टाकते.

मैदानावर सोडा म्हटलं की पोरींचा प्रश्न येतो. चार वाजल्यापासून मैदान क्रिकेटवाल्या पोरांचं, आम्ही कडेने चाललो तरी हाका येतात. ललिता बाबर आमच्याच माण तालुक्यातली, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला दहावी आली, माणदेशी एक्सप्रेस म्हणून दर गॅदरिंगला प्रमुख पाहुणे तिचं नाव घेतात आणि आम्ही टाळ्या वाजवतो. मग साडेपाचला होस्टेलचं गेट बंद. पळायचं असेल तर पहाटे, ओढणीला चार पिना लावून, कारण ट्रॅकपँट घालून रस्त्याने गेलं की संध्याकाळी घरी फोन जातो. आठवड्यातले दोन तास, फक्त दोन, मैदान पोरींचं असं वेळापत्रकात छापून आलं ना तर कुणाची आम्हाला हटकायची हिंमत होणार नाही, छापलेल्या गोष्टीला आमच्याकडे लई मान असतो हे ७२ वरून तुम्हाला कळलंच असेल.

दहा हजार पावलांचं पण थोडक्यात सांगते. तुमची असाइनमेंट होती की आठवडाभर रोज १०,००० पावलांचा स्क्रीनशॉट लावा. माझ्या एका मैत्रिणीने मोबाईल भाच्याच्या पाळण्यात ठेवला, दुपारच्या झोपेत पोराने साडेसहा हजार पावलं चालून दिली, उरलेली रात्रीच्या झोपेत. पूर्ण मार्क. तो दहा हजाराचा आकडा डॉक्टरी संशोधनातून आला नाही, जपानमध्ये १९६५ ला पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं त्याचं नावच दहा हजार पावलांचं मीटर असं होतं, तिथून तो पसरला. चालणं चांगलंच, पण माझी आई खुरपायला जाते, विहिरीवर जाते, तिच्याकडे साधा फोन, तिची पावलं कुणाच्या असाइनमेंटमध्ये नाहीत आणि पाळण्यातल्या पोराची आहेत.

मला काय पाहिजे ते सांगते आणि थांबते. पेपर सुरू होताना आणि संपताना वर्गातल्या प्रत्येकाचं हिमोग्लोबिन तपासा, बोटाला टोचून दोन मिनिटांत होतं, ग्रामीण रुग्णालयाची माणसं कॉलेजात शिबिराला येतातच, फक्त पेपरला जोडून घ्या. ज्याचा त्याचा आकडा ज्याच्या त्याच्या हातात द्या, बोर्डावर लावू नका, नाहीतर पोरी त्या दिवशी गैरहजर राहतील, मी पण राहीन. पान ४ वरचा तो छापील ७२ काढा आणि मार्क मोजण्याला द्या, आकड्याला नको. सरांनी वर्गातच घड्याळ लावून एक मिनिट मोजायला लावलं तरी बास, तो एक मिनिट कुणी सिनियरच्या वहीतून उतरवू शकत नाही.

चार महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन ११.३ झालंय. १२ ला अजून पोचले नाही, आणि पोचल्यावरही तीन महिने गोळ्या सोडायच्या नाहीत असं मॅडमनी बजावलंय. पेन्सिल खायची इच्छा दुसऱ्या महिन्यातच गेली, परवा होस्टेलवर मैत्रिणीने पुढे केली तर मला तिचा वास पण नको वाटला आणि मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं, तिचं ९.१ निघालं. ८०० मीटर आता चार मिनिटं पाच सेकंद. भरतीला हे चालणार नाही, आबा म्हणतात अजून एक मिनिट कापायचंय, पण आता कानात घुं घुं होत नाही.

सोबत माझं जर्नल जोडलंय. पान ४ वर सगळ्या आकड्यांवर मी काट मारलीय आणि आज सकाळची बाजूला लिहिलीय, ७८, अंथरुणात बसून, पूर्ण एक मिनिट मोजून. मार्क कमी करायचे तर करा.

आपली,
एसवायबीएची एक विद्यार्थिनी

ता.क. जर्नल काम झाल्यावर परत पाठवाल का? शेवटच्या पानावर आईने गिऱ्हाइकांच्या ब्लाऊजची मापं लिहून ठेवलीत आणि ती रोज विचारतेय.